प्रकाशाहून वेगवान याने व युद्धनीती

विज्ञानकथा वाचण्याची व लिहिण्याची गोडी आमच्या विद्यार्थिवर्गात दिवसेंदिवस वाढत आहे, ही समाधानाची गोष्ट होय. मराठीत या वाङ्मयप्रकारास जी प्रतिष्ठा लाभली, तिचे पुष्कळसे श्रेय डॉ. जयंत नारळीकर यांजकडे जाते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेकरिता त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा टोपण नावाने पाठविली व तिला पारितोषिक मिळाले. कल्पनेला विज्ञानाची वेसण असावी, हा दंडक त्यांनी आपल्या लेखनात पाळला. तथापि आज ज्या तारकायुद्धाच्या कथा व चित्रपट आमच्या मुलांच्या हाती व डोळ्यांपुढे येतात, त्यांत ही वेसण बहुधा सुटलेली दिसते. सकाळी पृथ्वीवरून निघालेले आरमार दुपारी दुसऱ्या ताऱ्यापाशी पोचते, तेथे तोफांची सरबत्ती होते, आणि सायंकाळी विजयी वीर घरी परततात. वेग मात्र नवा, युद्ध जुनेच! आमचे म्हणणे इतकेच की, ज्या लेखकाने आपल्या यानाला प्रकाशाहून अधिक वेग दिला, त्याने त्या वेगाचा हिशेबही वाचकांस दिला पाहिजे. तो हिशेब मांडू लागले असता जे निष्पन्न होते, ते मनोरंजक तर आहेच, पण भयंकरही आहे.

प्रथम विज्ञान काय सांगते ते पाहू. प्रकाश एका सेकंदात सुमारे २,९९,७९२ किलोमीटर जातो. सूर्यापासून निघालेला किरण आपणापर्यंत येण्यास आठ मिनिटांहून थोडा अधिक काळ लागतो. आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा जो तारा, त्याचा प्रकाश येण्यास सव्वाचार वर्षे लागतात. वस्तुमान असलेला कोणताही पदार्थ या वेगास पोचू शकत नाही, असा निष्कर्ष आइन्स्टाइन यांच्या १९०५ सालच्या सापेक्षतेच्या सिद्धांतातून निघतो. इतकेच नव्हे, तर प्रकाशाला मागे टाकणारे यान निघालेच असे मानले, तर काही निरीक्षकांच्या दृष्टीने ते निघण्यापूर्वीच पोचलेले ठरेल, आणि कार्यकारणाचा क्रमच उलटा होईल. म्हणून कथाकार या सिद्धांतास बगल देऊन अवकाशातील बोगदे, आडवाटा, वाकविलेले आकाश अशा युक्त्या योजतात. त्याला आमची हरकत नाही. गणिताच्या पुस्तकात 'समजा' असे म्हणून उदाहरण सुरू होते, तसा कथाकारालाही एक 'समजा' म्हणण्याचा अधिकार आहे. परंतु 'समजा' म्हटल्यावर पुढील पायऱ्या मात्र चोख मांडाव्या लागतात. तेथे मन मानेल तसे उत्तर लिहून चालत नाही.

या हिशेबातील पहिला प्रश्न असा की, हे यान कोठून निघू शकते व कोठे प्रकट होऊ शकते? तुडीलपासून महाडपर्यंत व तेथून पोलादपूरपर्यंत राहणाऱ्या आपणा लोकांस या प्रश्नाचे मर्म समजावून सांगण्याची गरज पडू नये. आपला मुलूख घाटांचा आहे. देशावर जावयाचे तर वरंध घाटाने भोरकडे, अथवा आंबेनळीने महाबळेश्वराकडे. दक्षिणेस खेडकडे जावयाचे तर कशेडी ओलांडावी लागते, आणि तेथे आता बोगदाही झाला आहे. सह्याद्रीची भिंत शेकडो मैल लांब असली, तरी सैन्य, व्यापारी व बैलांचे तांडे यांना ती ठरावीक ठिकाणीच ओलांडता येत असे. म्हणूनच पारघाटाच्या तोंडावर बसलेल्या जावळीच्या मोऱ्यांना एवढे महत्त्व होते, आणि म्हणूनच शिवाजी महाराजांनी १६५६ साली जावळी घेतल्यावर प्रतापगडासारखा किल्ला त्या वाटेवर उभा केला. ज्याच्या हाती घाट, त्याच्या हाती कोकण आणि देश यांमधील सारा व्यवहार, हे सूत्र त्यांनी ओळखले होते.

घाटात संख्येचे बळ कसे व्यर्थ होते, याची दोन उदाहरणे सर्वांस ठाऊक आहेत. १६५९ साली अफजलखान हत्ती, तोफा व मोठी फौज घेऊन वाईहून जावळीच्या अरण्यात उतरला. जी फौज मैदानात अजिंक्य वाटावी, ती पारच्या खोऱ्यात कोंडली गेली, आणि १० नोव्हेंबर रोजी खान पडताच तिची दाणादाण उडाली. पुढे फेब्रुवारी १६६१ मध्ये खोपोलीजवळच्या उंबरखिंडीत कारतलबखानाच्या मोगली फौजेची तीच गत झाली; तिला हत्यारे व सामान टाकून जीव वाचवावा लागला. आता हेच चित्र आकाशात मांडून पाहावे. यानांना केवळ काही ठरावीक बिंदूंतूनच दुसऱ्या ताऱ्याकडे जाता येते असे कथाकाराने मानले, तर ते बिंदू म्हणजे आकाशातील घाट होत. लॅरी निव्हन व जेरी पुर्नेल या अमेरिकन लेखकांनी १९७४ साली लिहिलेल्या 'द मोट इन गॉड्स आय' या कादंबरीत नेमके हेच आहे: एका परक्या जातीला बाहेर पडण्याची वाट एकच, आणि त्या वाटेच्या मुखाशी मानवांचे आरमार पहारा देत उभे असते. अशा विश्वात किल्ला बांधण्यास अर्थ आहे, सीमेस अर्थ आहे, आणि लहान राज्यास मोठ्या राज्यापुढे टिकून राहण्याची आशाही आहे.

परंतु घाटच नसतील तर? यान वाटेल तेथून निघून वाटेल तेथे प्रकट होऊ शकत असेल, तर सीमा ही केवळ नकाशावरील रेघ होईल. शत्रूला अडविण्यास खिंड नाही, नाकेबंदी करण्यास बंदर नाही, आणि आघाडी कोणती व पिछाडी कोणती हेही सांगता यावयाचे नाही. प्रत्येक ग्रह, प्रत्येक नगर, प्रत्येक घर हीच आघाडी. या अवस्थेची पुसट छाया आपल्या रायगडानेही पाहिली आहे. ज्या कड्यांनी शत्रूचे पाऊल वर्षानुवर्षे रोखले, त्यांना १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांचे गोळे रोखता आले नाहीत. गडावरील इमारती पेटल्या व गड शरण गेला. कडा तोच होता, उंचीही तीच होती. परंतु मारा त्या उंचीपेक्षा वर चढला आणि उंचीचे मोल संपले. घाट नसलेल्या आकाशात प्रत्येक किल्ल्याची हीच गत पहिल्या दिवसापासून ठरलेली असते. मग उरतो तो एकच उपाय: 'तू मला जाळलेस तर मीही तुला जाळीन' अशी धमकी. असे राज्य सीमेवर पहारे ठेवीत बसत नाही. ते आपली संहारक याने दूरवर लपवून ठेवते आणि शेजाऱ्याकडे सतत संशयाने पाहते.

दुसरा प्रश्न वार्तेचा. जे यान प्रकाशाहून जलद धावते, ते आपल्याच प्रतिमेच्या आधी येऊन पोचते. ते येत असता कोणत्याही दुर्बिणीस दिसत नाही. ते आल्यानंतर मागाहून त्याच्या प्रवासाचा प्रकाश येतो. ही केवळ कविकल्पना नव्हे. ध्वनीच्या बाबतीत मनुष्यजातीने हा अनुभव प्रत्यक्ष घेतला आहे. ८ सप्टेंबर १९४४ रोजी लंडनवर जर्मनांचे पहिले व्ही-२ अग्निबाण पडले. त्यापूर्वीचे व्ही-१ हे बाण घरघर करीत येत, त्यामुळे लोकांना आडोसा गाठण्यास क्षणभर तरी अवसर मिळे व विमानांना ते पाडताही येत. व्ही-२ मात्र ध्वनीहून वेगवान होता. आधी स्फोट होई, आणि तो येत असल्याचा आवाज मागाहून ऐकू येई. भोंगा वाजविण्यासही वेळ नव्हता, आणि वाटेत अडविण्याचा उपायही नव्हता. प्रकाशाला मागे टाकणारे अस्त्र म्हणजे डोळ्यांच्या बाबतीत तोच प्रकार.

वार्तेच्या आधी पोचणाऱ्या सैन्याचे सामर्थ्य आमच्या पूर्वजांनीही जाणले होते. जानेवारी १६६४ मध्ये महाराज सुरतेच्या वेशीवर येऊन ठेपले, तेव्हा शहराच्या सुभेदारास संरक्षणाची तजवीज करण्याइतका अवधी मिळाला नाही. तो किल्ल्यात शिरून दरवाजे लावून बसला. आणि मोगलांची मदत येऊन पोचण्यापूर्वी मराठे आपल्या वाटेस लागलेही होते. याउलट वार्ता मागे राहिली म्हणजे काय होते, ते पानिपताने दाखविले. १४ जानेवारी १७६१ रोजी रणांगणावर सर्वनाश झाला. नानासाहेब पेशवे मदतीस्तव उत्तरेकडे येत असता, सुमारे दहा दिवसांनी भेलशापाशी एका सावकारी पत्रातून त्यांना तो कळला, आणि तोही मोती गळाले व मोहरा हरवल्या अशा सांकेतिक भाषेत. दहा दिवस पेशवे अशा सैन्याच्या मदतीस जात होते, जे आता उरलेच नव्हते.

म्हणून तारकायुद्धाची कथा लिहिणाऱ्याने एक गोष्ट आरंभीच ठरविली पाहिजे: त्याच्या विश्वात वार्ता जलद की यान जलद? यानच जलद असेल व वार्ताही यानातूनच जात असेल, तर दूरच्या सेनापतीस राजधानीची आज्ञा वेळेवर मिळणार नाही, आणि युद्ध व तह हे दोन्ही त्याच्या मर्जीवर राहतील. १८०३ साली गव्हर्नर-जनरल वेलस्ली याने शिंदे व भोसले यांच्याशी युद्ध मांडले. असई, लासवारी, आडगाव येथील लढाया झाल्या आणि वर्ष संपण्यापूर्वी तहही झाले. विलायतेस पत्र पोचण्यास त्या काळी महिनेच्या महिने लागत, तेव्हा लंडनातील धन्यांची संमती पुसण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी वेलस्लीस परत बोलाविले ते १८०५ साली. तोवर हिंदुस्थानचा नकाशा पालटला होता. १८७० साली मुंबई व इंग्लंड समुद्राखालील तारेने जोडली गेली आणि गव्हर्नर-जनरलांचे हे स्वातंत्र्य आटत गेले. उलटपक्षी तहाची वार्ता उशिरा पोचल्याने व्यर्थ रक्त सांडल्याचेही उदाहरण आहे. इंग्लंड व अमेरिका यांच्या प्रतिनिधींनी २४ डिसेंबर १८१४ रोजी तहावर सह्या केल्या. तरी न्यू ऑर्लिन्सची लढाई ८ जानेवारी १८१५ रोजी झाली, कारण तहाचे कागद तेव्हा अटलांटिक महासागरावर जहाजात होते.

वार्ता जलद आणि माणूस मंद, असेही विश्व कल्पिता येते. उर्सुला ले ग्विन या विदुषीने १९६६ साली 'रोकॅनन्स वर्ल्ड' या कादंबरीत ते कल्पिले. तेथे 'अॅन्सिबल' नावाच्या यंत्राने संदेश तत्काळ जातो. माणसांची याने प्रकाशाहून मंदच असतात. प्रकाशाहून जलद जाणारी यानेही आहेत, परंतु त्यांतून सजीव प्राणी जिवंत जाऊ शकत नाही. मग अशी याने कशाच्या उपयोगी पडतात? अर्थात बाँब टाकण्याच्या! कथेचा नायक एकाकी पायपीट करीत शत्रूच्या तळापर्यंत जातो व त्या यंत्रावरून केवळ ठिकाण कळवितो. तेवढ्याने तो तळ नष्ट होतो. पण दुसऱ्यांचे मन ऐकण्याची शक्ती त्यास लाभलेली असल्यामुळे त्या सर्वांचे मरण त्यास सोसावे लागते. वेगाचा हिशेब प्रामाणिकपणे मांडणारी लेखिका कोठवर पोचते, याचा हा नमुना होय.

तिसरा प्रश्न यानाचाच. जे इतक्या वेगाने धावते, ते स्वतःच अस्त्र नव्हे काय? प्रकाशातीत वेगाचे गणित नेहमीच्या सूत्रांनी सुटत नाही, म्हणून प्रकाशाच्या केवळ एक दशांश वेगाने जाणारा एक किलोग्रॅमचा दगड घेऊ. त्याची ऊर्जा सुमारे एक लाख टन टी.एन.टी. या स्फोटक द्रव्याच्या स्फोटाहूनही अधिक भरते; म्हणजे १९४५ साली हिरोशिमावर पडलेल्या बाँबच्या जवळजवळ सातपट. मग ज्या कथेत धान्य वाहणारा प्रत्येक व्यापारी असे यान बाळगतो, त्या कथेत प्रत्येक व्यापाऱ्याच्या हाती एक नगर जाळण्याचे साधन आहे. त्याला परवाना कोण देतो? त्याच्या सुकाणूवर कोण लक्ष ठेवतो? 'स्टार वॉर्स' मालिकेतील २०१७ सालच्या चित्रपटात एक सेनानी आपले यान भरवेगात शत्रूच्या आरमारावर घालून ते विदीर्ण करते. दृश्य नेत्रदीपक आहे खरे. परंतु विचारी प्रेक्षकांनी लगेच प्रश्न केला की, हे एवढे सोपे होते तर मागील सर्व युद्धांत तोफा कशाला झाडीत बसला होता? लेखकाने हिशेब न ठेवल्यास वाचक तो मागतातच.

येथे कोणी म्हणेल, 'ही सर्व करमणूक आहे. शाळेची पाने भरून तिची एवढी चिकित्सा कशास? विज्ञान तर म्हणते की असा वेग असंभाव्यच आहे.' हा आक्षेप वरवर पाहता योग्य दिसतो; परंतु आमच्या मते तो टिकणारा नाही. प्रकाशातीत यान कदाचित कधीच होणार नाही. परंतु अंतर नाहीसे करण्याचा उद्योग मनुष्य आज शतकानुशतके करीत आहे, आणि त्याचे परिणाम आपण भोगीत आहोत. विज्ञानकथा त्या उद्योगाचे टोक दाखविते, एवढेच.

एक अगदी अलीकडील गोष्ट पाहा. ९ मार्च २०२२ रोजी भारताचे एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले व पाकिस्तानातील मियाँ चन्नू या गावापाशी जाऊन पडले. हे अस्त्र ध्वनीच्या जवळजवळ तिप्पट वेगाने जाते. त्याचा सारा प्रवास काही मिनिटांत आटोपला. सुदैवाने त्यात स्फोटक नव्हते व कोणाचा प्राण गेला नाही. भारताने खेद व्यक्त केला, चौकशी केली व तीन अधिकाऱ्यांना सेवेतून दूर केले. परंतु त्या काही मिनिटांत पलीकडच्या एखाद्या अधिकाऱ्याने 'हा हल्लाच आहे' असे ठरविले असते तर? बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांची पूर्वसूचना एकमेकांस द्यावी, असा करार दोन्ही देशांत २००५ साली झाला आहे. अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार १९८८ साली झाला, व त्यानुसार १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीस त्या केंद्रांच्या याद्यांची देवघेव होते. ही सारी खटपट कशासाठी? अस्त्राच्या वेगाने विचाराचा जो अवधी हिरावून घेतला, तो आगाऊ विश्वास निर्माण करून थोडाबहुत परत मिळवावा, यासाठी.

आमच्या मते या विषयाचे सार येथेच आहे. अंतर आपणास केवळ कष्ट देत नव्हते, अवधीही देत होते. घाट चढण्यास लागणाऱ्या दोन दिवसांत वकील पुढे येत, बोलणी होत, राग ओसरे, कधीकधी लढाई टळेही. वेग वाढत गेला तसा हा अवधी आटत गेला: महिन्यांचे दिवस झाले, दिवसांच्या घटका झाल्या, आणि आता मिनिटे उरली आहेत. प्रकाशातीत यान या मालिकेचा शेवटचा आकडा दाखविते, आणि तो शून्य आहे. ज्या विश्वात अवधी शून्य, तेथे पहिला वार करणाराच शहाणा ठरतो, आणि थांबून विचार करणारा मूर्ख ठरतो. असे विश्व कितीही झगमगीत यानांनी सजविले, तरी ते सज्जनांच्या वास्तव्यास योग्य राहत नाही; आणि जो कथाकार हे न दाखविता केवळ विजयाचे नगारे वाजवितो, तो वाचकांची दिशाभूल करतो.

यास्तव आमच्या तरुण लेखकांस आमची विनंती आहे. याने खुशाल प्रकाशाहून वेगवान करा. परंतु लेखणी उचलण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून ठेवा. आकाशात घाट कोठे आहेत? वार्ता कोणत्या वाटेने व किती काळात पोचते? आणि एवढे सामर्थ्य ज्याच्या हाती आहे, त्याच्यावर अंकुश कोणाचा? नवे लढाऊ यान कल्पिणे सोपे आहे. त्या वेगातही दोन शत्रूंना बोलण्यास अवसर राहील अशी एखादी व्यवस्था, एखादा करार, एखादी खूण कल्पिणे अवघड आहे, आणि ती कल्पना ज्या विद्यार्थ्यास सुचेल त्याची कथा आम्ही अधिक आवडीने वाचू. कारण तशाच कल्पनांची गरज आज पृथ्वीवरही आहे, आणि ती भागविण्याचे काम या पिढीस करावयाचे आहे.